वहिनीकडे बघून

चादरीला चार कोपरे आणि माणसाला दोन हात. पुढचं गणित चादरच शिकवते.

आई आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाच्या घराची पुढची पायरी चढली नाही. मागची गल्ली, मागचं दार, मागची मोरी. कुठल्या घरात माणूस आजारी आहे, कुठल्या घरात पाळणा हलणार आहे, कुठल्या नवरा-बायकोचं बिनसलंय, हे तिला कपड्यांवरून कळायचं. पण त्या घरांचे पुढचे दरवाजे कुठल्या रंगाचे आहेत, हे तिला सांगता आलं नसतं.

तोंडात टाचण्या धरलेलं माणूस खोटं बोलू शकत नाही, असं वहिनी म्हणते. वहिनी तोंडात टाचण्या धरत नाही.

लग्नाने बाहेरची बाई आमच्यातली होत नाही, असं कायदा म्हणतो. आमची आत्याही तेच म्हणायची.

आमच्या लाँड्रीतल्या, चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरचं नाव सासूबाई. तापायला वेळ लागत नाही, निवायला दिवस जातो. हे नाव वहिनीने ठेवलं. तिची सासू, म्हणजे माझी आई, समोर बसलेली असताना. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"तुम्ही उत्तर द्यायच्या आधी दर वेळी त्यांच्याकडे का बघता?"

हे शेवटचं वाक्य पडताळणीच्या बाईंचं. दारात उभ्या राहून, पर्स खांद्याला लावता लावता, किती वाजले विचारावं तसं विचारलेलं. सरकारी खात्यातून त्या आल्या होत्या, मी मालकीण आहे की नाही ते बघायला. म्हणजे कागदावर मी मालकीण होतेच. पण कागदावर हल्ली पुष्कळजण मालक झालेत. नवा कायदा आला: सरकारी कामांतला काही वाटा आमच्या माणसांच्या मालकीच्या धंद्यांनाच द्यायचा, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेत गाळा मिळाला नाही, बँकेत खुर्ची मिळाली नाही, त्यांना. तो आला आणि शहरातल्या बड्या बड्या लोकांना एकदम आमच्या माणसांचा उमाळा आला. एका कंत्राटदाराने आपल्या माळ्याला कंपनीचा मालक केलं. पडताळणीच्या बाईंनी त्या माळ्याला विचारलं, तुमची कंपनी काय बनवते? तो म्हणाला, साहेब घरी आले की विचारून सांगतो. म्हणून आता खातं नुसते कागद बघत नाही, कारभार कोणाच्या हातात आहे ते बघतं. ते बरोबरच आहे. त्या माळ्याची गोष्ट ऐकून आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो. आणि मग त्या बाई आमच्याकडे आल्या, आमच्याच टेबलाशी बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मला विचारत गेल्या: माणसं कोण नेमतं, दर कोण ठरवतं, मशीन बिघडलं तर कोणाला बोलावता. मी सगळं सांगितलं. बरोबर सांगितलं. फक्त प्रत्येक उत्तराआधी माझी मान उजवीकडे वळली, कारण उजवीकडे वहिनी होती.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्या इथे नसल्या तर बरं. आणि मला एक प्रसंग सांगा. त्या एक म्हणाल्या, तुम्ही दुसरं म्हणालात, आणि झालं ते तुमच्या म्हणण्यासारखं. एकच पुरे. फार मोठा नको."

"एकच ना," मी म्हटलं. आणि वहिनीकडे बघितलं.

बाई गेल्यावर वहिनी म्हणाली, "ठके, तुझ्या मानेला पट्टा बांधते आता." आणि हसली. पण हसू तिच्या डोळ्यांपर्यंत आलं नाही, तिथेच ओठांवर वाळलं. आम्हाला दोघींनाही माहीत होतं, मालकीचा दाखला मिळाला नाही तर काय होणार. सरकारी हॉस्पिटलांच्या चादरी आम्ही इतकी वर्षं धूत आलो. पण आता ते काम एक तर दाखलेवाल्यांना जाणार, नाही तर शहराबाहेरच्या त्या कारखान्याला, जिथे चादर एका तोंडातून आत जाते आणि दुसऱ्यातून घडी होऊन बाहेर पडते, मधे माणसाचा हात लागत नाही. आमचं नव्वद टक्के काम हॉस्पिटलचं. ते गेलं की सासूबाई थंड, आणि सासूबाईंवर उभ्या राहणाऱ्या बायका घरी. त्यातल्या तिघी माझ्या आईबरोबर मागच्या दारांनी फिरलेल्या आहेत.

एक प्रसंग. मी त्या दुपारी उशांचे अभ्रे मोजायचं सोडून प्रसंग शोधायला लागले. बाई एक प्रसंग म्हणाल्या होत्या. वीस वर्षं एका छपराखाली, एका चुलीवर, एका गल्ल्यावर काढलेल्या बाईकडे एक प्रसंग नसेल असं कसं होईल. मला वाटलं, डोळे मिटले की रांग लागेल. डोळे मिटले तर आधी वास आला. ओल्या कापसाचा, गरम खळीचा, आणि त्याच्या खाली कुठेतरी त्या जुन्या बोळातल्या खोलीचा, जिथे दादा आणि मी टबात उभं राहून पायाने कपडे तुडवायचो आणि आई ओरडायची, "नाचू नका, धुवा!" तेव्हा वहिनी नव्हती. तेव्हाही मी दादाकडे बघून पाय उचलायची. डावा, उजवा. तो ज्या पायाने सुरू करील तो. म्हणजे हा रोग वहिनीच्या आधीचा. असं मनात आल्यावर मला उगाच हलकं वाटलं, आणि मग लगेच हलकं वाटल्याची लाज वाटली.

वहिनी आमच्यातली नव्हती. नदीच्या त्या अंगाची, पुढच्या दारांच्या घरातली. दादाने तिला आणली तेव्हा तिच्या माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं आणि आमच्या आत्याने तिच्या हातचं पाणी टाकलं. दोन्हीकडून वाळीत पडणारी सून फार थोड्या घरांना मिळते. आई मात्र तिला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुला पिळता येतं का?" आणि तिने हातात दिलेला पंचा असा पिळला की एक थेंब पडेना. आई म्हणाली, "चालेल." झालं, एवढाच सोहळा. मग दुकान. पेठेत गाळा हवा होता. दादा सात मालकांकडे गेला. प्रत्येकाचे कपडे आमच्याच घरी धुतले जात होते, तरी प्रत्येकाचा गाळा कालच गेलेला असायचा. मग वहिनी एकटी गेली, माहेरचं आडनाव सांगून, कपाळावरचे केस नीट करून. गाळा मिळाला. भाडेपट्टीवर तिची सही, बँकेत तिची सही, गल्ल्यावर तिचा चेहरा. दादा आणि मी मागच्या बोळातल्या दाराने आत यायचो, स्वतःच्या दुकानात. कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना वाटायचं आम्ही तिचे नोकर. एकदा एक म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, "तुमची माणसं कष्टाळू दिसतात हो." वहिनी म्हणाली, "हो ना, त्यातल्या एकाशी तर मी लग्नच केलंय." म्हातारे गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्यांचा एक कोट आमच्याकडेच राहिला. दादाने तो पुष्कळ वर्षं घातला.

म्हणजे तेव्हा नावापुरती मालकीण ती होती. आता कायदा उलटा फिरला, तर नाव माझं लागलं. मी हे तिला बोलून दाखवलं, त्याच संध्याकाळी, भाजी निवडताना. म्हटलं, "तेव्हा कोणी आलं नाही गं तपासायला, तू कोणाकडे बघून उत्तर देतेस ते." ती म्हणाली, "आलं असतं तर सापडले असते. मी तुझ्याकडे बघायची." मी हातातली जुडी खाली ठेवली. "माझ्याकडे?" "मग काय, तुझ्या भावाकडे? त्याला टेरिकॉट आणि सुती यांतला फरक तरी कळायचा का? गिऱ्हाईक विचारायचं, हा डाग जाईल का. मी मागे वळायचे. तू आतून मान हलवायचीस. मी म्हणायचे, जाईल." हे खरं होतं. हे मी साफ विसरले होते. पण हे प्रसंग नव्हते. डाग जाईल की नाही हे म्हणणं नसतं, ती माहिती असते. बाईंना म्हणणं हवं होतं. माझं म्हणणं, तिच्या म्हणण्याविरुद्ध, आणि वर टिकलेलं.

पाटी! दुकानाच्या पाटीचा प्रसंग मला अंगावर पाणी ओतताना आठवला आणि मी तशीच ओरडले. वहिनी हिरवी पाटी म्हणत होती, मी निळी म्हणत होते, आणि पाटी निळी आहे. आजही निळी आहे. मी केस पुसत बाहेर आले, विजयी. वहिनी पोळपाटाशी होती. म्हणाली, "अगं, रंगाऱ्याकडचा हिरवा संपला होता." मी म्हटलं, "हे बाईंना कशाला सांगायचं?" "नको सांगूस. पण तुला माहीत आहे ना." हो, मला माहीत आहे. हिरवा संपला म्हणून निळी झाली, त्या दिवशी मी आनंदाने उड्या मारल्या होत्या, आणि वहिनी रंगाऱ्याला म्हणाली होती, "घ्या, देवसुद्धा हिच्याच बाजूने." कायद्यात देवाची बाजू धरत नाहीत.

सासूबाई. म्हणजे रोलर. मी म्हटलं होतं, जुना रोलर घ्यायचा नाही, बुडवील. वहिनीने घेतला, आणि त्यानेच आम्हाला तारलं. लग्नाचं. माझं लग्न. शाळेतला एक कारकून होता, बरा होता, आवाज मऊ होता. मी नाही म्हटलं. हे माझं नाही होतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. आता आठवताना दिसतं की त्याच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या वेणीचे पेड घालत म्हणाली होती, "माणूस वाईट नाही गं. पण त्याचे खिसे बघितलेस? शर्टाचे खिसे आतून किती स्वच्छ. खिशात कधी काही ठेवत नाही तो. दाणे नाहीत, तिकीट नाही, सुटी नाणी नाहीत. अशा माणसाबरोबर करायचं काय?" दुसऱ्या दिवशी मी नाही म्हटलं. तिने सांगितलं नव्हतं नाही म्हण. पण माझ्या नाहीत तिचे खिसे होते. आता ते नाही कोणाचं? मी तासभर इस्त्री करत हेच उलगडत होते, आणि एका डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाची बाही जळता जळता वाचली.

असा तो आठवडा. प्रत्येक आठवण मी उचलून उजेडाकडे धरायची, जुनी चादर धरतात तशी, कुठे विरली आहे ते बघायला. आणि प्रत्येक ठिकाणी तिचा धागा माझ्या धाग्यात गेलेला. वेगळा काढावा तर कापडच फाटतं. मग मला रागही आला. बाईंचा नाही, त्या आमच्यातल्याच होत्या, त्यांच्या उच्चारावरून कळलं, आणि आमच्यातली बाई सरकारी खुर्चीतून प्रश्न विचारते हे बघायला आई हवी होती असं त्या आल्या तेव्हाच वाटलं होतं. राग कायद्याचाही नाही. कायद्याने माझ्याशी जन्मात कोणी केली नव्हती ती गोष्ट केली होती. मला एका खुर्चीवर बसवून विचारलं होतं, बाई, तुझं म्हणणं काय? आईला कोणी विचारलं नाही. तिला गाठोडं द्यायचे, तेही हातात नाही, पायरीवर टाकायचे. दादाला विचारलं असतं तर तो लाजून पळाला असता. मला विचारलं, आणि मी आत जाऊन शोधते तर म्हणण्याची फळी रिकामी. राग त्या रिकाम्या फळीचा होता. आणि थोडासा, शेंगदाण्याएवढा, वहिनीचा. इतकी जागा का घेतलीस? मग ती समोरून यायची, ओल्या हातांनी पदर सावरत, "ठके, जेवलीस का?" म्हणत, आणि तो शेंगदाणा कुठे जायचा कळायचं नाही.

तिलाही चैन पडत नव्हतं. एका दुपारी, यंत्रं बंद करून बायका डबे उघडत होत्या तेव्हा, ती मला म्हणाली, "चल, भांडू या."

"काय?"

"भांडू या. आता इथे. सगळ्या साक्षीला आहेत. तू म्हण, चादरींना नीळ नको. मी म्हणते, हवी. मग तू जिंक."

"पण नीळ हवीच."

"अगं, म्हण ना!"

"नीळ नको," मी म्हटलं.

"का नको?"

"...पिवळ्या बऱ्या दिसतात."

डबे उघडणाऱ्या बायकांपैकी सगळ्यांत म्हातारी, जिला आम्ही मावशी म्हणतो, तिच्या घशात घास अडकला. वहिनी कमरेवर हात ठेवून आवाज चढवायला गेली, "वन्सं, तुम्ही मालकीण असाल तुमच्या घरच्या..." आणि पुढे तिला शब्द सुचेना, कारण माझं घर म्हणजे तिचंच घर. ती खुर्चीत बसली आणि हसत सुटली, मग मी, मग सगळ्या. मावशी डोळे पुसत म्हणाली, "ह्यांना भांडायला पण शिकवणी लावा कोणीतरी."

हसून झाल्यावर वहिनीने खरी योजना काढली. दोन योजना होत्या. पहिली: रोलरवर आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. चादर आत घालायची तर दोघींनी एकदम घालायला हवी, नाही तर तिरकी जाते; म्हणून आम्ही समोरचीच्या तोंडाकडे बघतो आणि मगच हात पुढे करतो. इथे प्रत्येक बाई तसं बघते. तेव्हा बाईंना सांगायचं, ती कामाची सवय आहे, परवानगी नव्हे. "हे खरंच आहे," वहिनी म्हणाली. खरं होतं. अर्धं. मी त्याआधीच, बाईंनी विचारलं त्याच क्षणी हे उत्तर मनात शोधून काढलं होतं आणि दिलं नव्हतं. कारण मला दिसलं की टेबलाशी रोलर नव्हता, चादर नव्हती, आणि तरी मी बघत होते. दुसरी योजना पावडरीची. दोन वर्षांपूर्वी एक माणूस स्वस्तातली पावडर घेऊन आला होता. ती वापरली असती तर हॉस्पिटलचे टॉवेल कुजले असते. तेव्हा वहिनीनेच त्याला हाकललं होतं. "तू सांग, मी घेऊ म्हणत होते आणि तू हाकललंस. मी लोभी, तू शहाणी. फिट बसतं. पावडरवाल्याला कोण विचारायला जातंय?" तिने माझ्याकडून ती गोष्ट पाठ करून घेतली. चुकलं की टपली. "'मी म्हटलं, वहिनी, टॉवेल माणसाच्या जखमेला लागतो.' हे म्हण. हे छान वाटतं." मी म्हटलं. छान वाटलं. ते तिचंच वाक्य होतं, तिने त्या माणसाला ऐकवलेलं, आणि मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला होता की मी दुप्पट चहा केला होता. आता ते वाक्य मी माझं म्हणून सांगायचं.

दादाचं मी अजून लिहिलं नाही. त्याच्यावरून हात फिरवून पुढे गेले. तो गेला त्या वर्षी हॉस्पिटलच्या लांब खोलीत पडून होता, आमच्याच चादरीवर. कोपऱ्यात आमचा शिक्का, निळ्या धाग्याचा. डॉक्टर म्हणाले, अजून एक शस्त्रक्रिया करता येईल. नाही तर घरी न्या. आणि ते आमच्या दोघींच्या मधे बघत राहिले, कोण बोलणार म्हणून. वहिनी त्याची बायको, तिने बोलायचं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मधे पलंगावर दादा, डोळे मिटलेला, त्याची बोटं चादरीची कड चाचपत होती, घडी घालायची असल्यासारखी.  मग आम्ही दोघींनी एकदम वाकून त्याच्या खालची चादर चारी कोपऱ्यांनी धरली. घरी न्यायचं, हे कोणी ठरवलं? मी किती वेळा त्या क्षणाकडे परत गेले आहे. आधी तिची मान हलली की माझी? काही दिवस मला खात्री असते की तिची, आणि मी तिला मनातून क्षमा करते. काही दिवस मला खात्री असते की माझी. मग मला तिच्यासमोर जेववत नाही. तिने कधी विचारलं नाही. मीही नाही. बाईंच्या प्रसंगात हे बसत नाही. इथे ती एक म्हणाली आणि मी दुसरं, असं झालं नाही. इथे कोणीच काही म्हणालं नाही. पण त्या आठवड्यात मला पहिल्यांदा असं वाटलं की कधीतरी एकदा, एका गोष्टीत, स्वच्छपणे, हे माझं, असं म्हणता यावं. चूक असली तरी. चूक असली तर जास्तच. तिच्या डोक्यावरून तेवढं ओझं उतरेल.

बाई यायच्या दिवशी सकाळी वहिनीने मला तिची चांगली साडी काढून दिली, इस्त्रीची. "पावडर म्हण एकदा," ती म्हणाली.

"वहिनी, मी पावडर सांगणार नाही."

"मग कुठली सांगणार? दुसरी काही आठवली?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. नाही म्हणून सांगणार. शोधला, सापडला नाही."

तिने साडी पलंगावर ठेवली. "ठके, वेडेपणा करू नकोस. ह्या बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"माहीत आहे."

"एवढंसं खोटं. ज्यांनी आपल्याला गाळे दिले नाहीत त्यांनी किती मोठी मोठी खोटी पचवली. गाळा कालच गेला म्हणे! मी माहेरचं नाव सांगून आले, ते काय होतं? तेव्हा चाललं की तुला."

"तेव्हा तू सांगितलंस. आता मला सांगायचंय."

"तेच म्हणते मी, सांग! सांग म्हणते ना!"

"नाही."

मी हा शब्द मोठ्याने नव्हता म्हटला. पण खोलीत काहीतरी बंद पडल्यासारखं झालं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे, आणि तिच्या तोंडावर काही सापडेना. मी काय करावं हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. म्हणजे होतं, ठळक होतं, आणि मी ते वाचून बाजूला ठेवलं होतं.  ती म्हणाली, "कर मग तुला काय करायचं ते. मालकीण." शेवटचा शब्द तिने असा टाकला, पायरीवर गाठोडं टाकतात तसा. आणि न खाता निघून गेली, समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. बाईंनी सांगितलंच होतं, त्या नसल्या तर बरं.

बाई आल्या. मी त्यांना आमच्याच टेबलाशी बसवलं, ह्या वेळी सासूबाई चालू होत्या, आवाज होता, त्यांना पुढे वाकावं लागत होतं. "मिळाला का प्रसंग?"

माझी मान उजवीकडे गेलीच. तिथे खिडकी होती, खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे शिंप्याची काच, आणि काचेमागे वहिनी, हातात कोणाचा तरी परकर धरून, टक लावून इकडे. बाईंनीही बघितलं. मी मान परत आणली.

"नाही," मी म्हटलं. "आठवडाभर शोधला. प्रत्येक गोष्टीत तीही आहे. वेगळा निघत नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं.

"एक पाठ केला होता. पावडरीचा. वहिनी म्हणाली तो सांग. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, सांगच. मी नाहीच म्हटलं. सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवली पण नाही."

"आज सकाळी?"

"आज सकाळी."

"आणि तुम्ही जाऊन समजूत नाही काढली?"

"नाही. पाय निघत होते, पण नाही गेले."

"दाखला मिळणार नाही, ह्याची भीती नाही वाटली?"

"वाटली. आत्ताही वाटते आहे."  मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "माझ्याकडे लोक पाठ करूनच येतात," त्या म्हणाल्या. "बहुतेकांच्या गोष्टीत रंग असतो नाही तर पावडर." मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. "त्यांना बोलवा आता. उपाशी आहेत ना."

मी दारात जाऊन हात केला. वहिनी आली नाही. मी पुन्हा हात केला. तिने काचेमागून मान हलवली, नाही अशी. मग मी रस्ता ओलांडून गेले, तिच्या हातातला परकर काढून शिंप्याच्या हातात दिला, आणि म्हटलं, "चल." ती म्हणाली, "काय सांगितलंस?" म्हटलं, "खरं." "म्हणजे बुडालो." "माहीत नाही. आधी जेव." ती उठली, आणि रस्ता ओलांडताना, कधी नव्हे ती, दोन पावलं माझ्या मागे चालत होती. "वन्संबाई," ती मागून म्हणाली, "तोंड उघडलं ते नेमकं माझ्यावर," आणि माझी वेणी ओढली, जरा जोरातच.

दाखला आला. वहिनीने तो काचेत घालून भिंतीवर लावला, वाकडा. मी म्हटलं, सरळ कर. ती म्हणाली, असाच बरा दिसतो. तो अजून वाकडाच आहे.

मग एकदा आठवलं: त्यांच्या लग्नाआधी, एका सकाळी, दादा वहिनीला नाही सांगायला निघाला होता, तिचे फार हाल होतील म्हणून. मी कोणाकडेही न बघता त्याच्या चपला धुण्याच्या टाकीत टाकल्या आणि दाराला बाहेरून कडी घातली.